लेकराच्या हाती शिट्टी

धानाची कापणी-मळणी आटोपली आणि भाऊबीजेपासून गावोगावच्या मंडया भरू लागल्या की आपल्या गोंदिया जिल्ह्यात कबड्डीच्या मैदानांवर चुन्याच्या रेषा दिसू लागतात. सालेकसा-देवरीच्या जंगलपट्टीपासून तिरोड्यापर्यंत आणि खाली अर्जुनी मोरगावपर्यंत कुठे ना कुठे सामने असतातच. शाळांच्या तालुका व जिल्हा स्पर्धा, युवक मंडळांचे सामने, जयंतीनिमित्त होणारे सामने हे सारे धरले तर वर्षभरात मैदान फारसे रिकामे राहत नाही. चढाई करणाऱ्यांची नावे लोकांच्या तोंडी असतात. शिट्टी कोणाच्या तोंडात होती हे मात्र कोणी विचारत नाही. विचारले तर समजावे की वाद झाला आहे.

अलीकडे ही शिट्टी पुष्कळदा अकरावी-बारावीच्या किंवा महाविद्यालयाच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलामुलींच्या हाती दिसते. लहान गटाच्या सामन्यांना पंच मिळत नाहीत, क्रीडाशिक्षक एकटे पुरे पडत नाहीत, म्हणून जाणत्या विद्यार्थ्यांना उभे केले जाते. आमच्या मते ही चांगली गोष्ट आहे. परंतु खेळाडू झालेल्या मुलाच्या आईवडिलांना काय करावे हे ठाऊक असते. खुराक द्यावा, बूट घ्यावेत, टाळ्या वाजवाव्यात. पंच झालेल्या मुलाच्या आईवडिलांना तसे काहीच ठाऊक नसते. त्याच्यासाठी टाळी वाजवायची तरी केव्हा? या विषयावर आम्ही सभासद व विद्यार्थी बंधुभगिनींपुढे थोडे विस्ताराने लिहीत आहोत.

आधी पंचाचे काम समजून घेतले पाहिजे. पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब व १० मीटर रुंद, महिलांचे १२ बाय ८. नियमाप्रमाणे सामन्याला एक मुख्य पंच, दोन बाजूंना दोन पंच, एक गुणलेखक आणि दोन साहाय्यक गुणलेखक लागतात. कबड्डी-खोखोच्या मराठी परिभाषेत मुख्य पंचाला 'सरपंच' म्हणतात, आणि गावचे सरपंच उद्घाटनाला व्यासपीठावर बसलेले असले म्हणजे या शब्दावरून थोडी थट्टाही होते. चढाईला ३० सेकंद. तेवढ्या वेळात पंचाने चढाई करणाऱ्याचा दम ऐकायचा, त्याने निदान रेषा ओलांडली की नाही ते पाहायचे, समोर सहा किंवा अधिक गडी असतील तर बोनस रेषेवरचा पाय पाहायचा, हाताचा स्पर्श पाहायचा, आणि स्पर्शापूर्वी कोणी राखीव क्षेत्रात पाऊल टाकले का तेही पाहायचे. हात आधी लागला की पाय आधी बाहेर गेला? डोळ्याचे पाते लवते तेवढाच अवधी असतो. दूरचित्रवाणीवरील प्रो कबड्डीत, जी २०१४ साली सुरू झाली, संघाला निर्णयाचे पुनरावलोकन मागता येते आणि चित्रफीत पुन्हा पाहता येते. आपल्या गावच्या मैदानावर ती सोय नाही. आहेत ते काठावरच्या पोरांचे मोबाइल, आणि त्यांतले चित्रीकरण पंचाला मदत म्हणून नव्हे, त्याला खोटे पाडण्यासाठी पुढे केले जाते.

मोठमोठ्या पंचांचीही या खेळात कशी परीक्षा होते ते हांगचौच्या आशियाई स्पर्धेत साऱ्या जगाने पाहिले. ती स्पर्धा २०२२ ची, प्रत्यक्षात झाली २०२३ मध्ये. ७ ऑक्टोबरला भारत आणि इराण यांच्यात पुरुषांचा अंतिम सामना २८-२८ असा बरोबरीत असताना पवन सेहरावत चढाईला गेला आणि कोणालाही स्पर्श न करता राखीव क्षेत्रात गेला. त्याच्यामागे इराणचे बचावपटूही गेले. गुण कोणाला किती, यावर जुना नियम एक सांगत होता आणि नवा नियम दुसरे. निर्णय फिरले, दोन्ही संघ अडून बसले, सामना जवळपास तासभर थांबला. शेवटी भारत ३३-२९ असा जिंकला. तेथे अनुभवी आंतरराष्ट्रीय पंच होते, चित्रफीत होती, नियमपुस्तक हाताशी होते. मग आपल्या सतरा वर्षांच्या पंचाकडून एखादा बोनस सुटला तर त्याच्या नावाने शंख करण्याआधी काठावरच्यांनी क्षणभर थांबावयास हरकत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. पंच हा शब्द पाच या अर्थाचा. पंचशीलातला पंच तोच आणि गावपंचायतीतलाही तोच. गावगाड्यात पाच जण बसून निर्णय देत, आणि त्या पाचांत आपल्या वस्तीतला कोणी नसे. निर्णय ऐकायचा तो आपण, दंड भरायचा तो आपण. जातपंचायतींच्या बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राला अगदी २०१६ साली स्वतंत्र कायदा करावा लागला, यावरून ही जुनी सवय किती खोल रुजलेली आहे ते दिसते. खेळाच्या क्षेत्रातही आपल्या माणसांना आधी खेळू दिले गेले. निर्णयाचा अधिकार फार उशिरा मिळाला. पालवणकर बाळू यांनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरांहून अधिक बळी घेतले, तरी हिंदू संघाचा कर्णधार म्हणून त्यांची निवड कधी झाली नाही. तो मान त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना १९२३ मध्ये मिळाला. चेंडू टाकायला चालत होते, मैदानावर आज्ञा करायला चालत नव्हते.

म्हणून आपल्या मुलाच्या किंवा मुलीच्या हातात शिट्टी येते तेव्हा हौसेपलीकडचे काहीतरी घडत असते. तिने हात वर केला की कोणत्याही घरच्या, कोणत्याही जातीच्या खेळाडूने मैदानाबाहेर जाऊन बसायचे असते. गावातील पुष्कळांना ते सहज पचते. काहींना पचत नाही. मग काठावरून "हा कोणाचा पोट्टा आहे रे?" असा प्रश्न येतो. प्रश्न वरवर साधा, पण त्यातला सूर आपल्याला ओळखता येतो. मुलालाही येतो. अशा वेळी मुलाने काय करायचे? काही नाही. पुढची चढाई सुरू करून द्यायची. आणि पालकांनी काय करायचे, हा या लेखाचा प्रश्न.

आमचे पाहणे असे की पालकांकडून मुलाचे सर्वांत जास्त नुकसान मैदानावर होत नाही, ते सामन्याच्या आदल्या रात्री घरी होते. नात्यातला कोणी घरी येतो, चहा घेतो, जाता जाता मुलाच्या पाठीवर हात ठेवून म्हणतो, "भाचा, आपल्या पोट्ट्यांकडे जरा पाहजो." मामा वाईट नसतो. त्याला वाटते, घरचाच पंच आहे, एवढे तर होईलच. पण आईवडील हसून गप्प राहिले की मुलाला कळते, घरच्यांची संमती आहे. उद्या त्याने मामाच्या संघाला खरोखरच योग्य गुण दिला तरी त्याचे मन त्याला खाईल, आणि बाद दिले तर मामा वर्षभर बोलणार नाही. हे ओझे मुलावर टाकू नये. तेथल्या तेथे वडिलांनी किंवा आईने स्पष्ट सांगावे : "मामा, त्याला तसे काही म्हणू नका. तो उद्या कोणाचा भाचा नाही." हे मुलाने स्वतः म्हणणे उद्धटपणाचे दिसते, आईवडिलांनी म्हटले तर चालते.

याहून उत्तम म्हणजे अशा सामन्याला मुलाने उभेच राहू नये. ज्या संघात स्वतःचा भाऊ, स्वतःची शाळा किंवा स्वतःची वस्ती आहे, तेथे दुसरा पंच मागावा. आयोजकांना दोन दिवस आधी कळवले तर सोय होते. पण जयंतीच्या सामन्यांत नेमके उलटे होते. पंच आपला, संघही आपला, आणि वस्तीतल्या प्रेक्षकांची अपेक्षा अशी की आपल्या मुलाने आपल्याला सांभाळावे. त्याने नियमाप्रमाणे बाद दिले की "आपलाच पोट्टा आपल्याच टीमले आऊट देते!" असे बोल येतात. परक्याच्या शिवीपेक्षा हे बोल मुलाला जास्त लागतात, हे आम्ही खात्रीने सांगू शकतो. समाजातील जाणत्या मंडळींनी अशा वेळी त्या मुलाच्या बाजूने एक वाक्य तरी बोलले पाहिजे. ते आईवडिलांनी बोलून उपयोग नाही.

कारण मैदानावर आईवडिलांनी बोलायचेच नाही. हा नियम पाळायला फार कठीण आहे. आपले लेकरू मध्ये उभे आहे, चार जण त्याच्यावर ओरडत आहेत आणि आपण शेंगा सोलत बसायचे, हे बापाच्या जिवाला होत नाही. तरीही बसावे. गुणलेखकाच्या टेबलापाशी तर मुळीच उभे राहू नये. मागे, गर्दीत बसावे. मुलाने दिलेला निर्णय बरोबर आहे असे आपल्याला शंभर टक्के दिसले तरी "बरोबर दिलं!" असे ओरडू नये. वडील ज्या क्षणी बोलतात, त्या क्षणी लोक म्हणतात, पंचाचे घरचे आले आहेत. मग निर्णय नियमाचा राहत नाही, एका घराचा होतो. पंचाशी वाद घालण्याचा अधिकार नियमाने कोणालाच नाही. विचारणा करायची तर ती संघाच्या कर्णधाराने करावी. दोन पंचांत मतभेद झाला तर सरपंच ठरवतो. बेशिस्त वागणाऱ्या खेळाडूसाठी हिरवे, पिवळे व लाल कार्ड आहे. हिरवे म्हणजे ताकीद, पिवळे म्हणजे दोन मिनिटे बाहेर, लाल म्हणजे सामन्यातून बाहेर. एवढी साधने मुलाजवळ असतात. ती वापरण्याचा धीर त्याला येतो तो आपल्यामागे कोणी धावून येणार नाही, आपणच पाहायचे आहे, हे समजल्यामुळे.

पण येथेच एक मर्यादा आखून घेतली पाहिजे, नाहीतर गप्प बसण्याचा हा सल्ला घातक ठरेल. निर्णयावर टीका होणे वेगळे आणि मुलावर हल्ला होणे वेगळे. "बोनस होता, दिसला नाही काय?" हे मुलाने सोसायचे. अंगावर हात टाकणे, वाटेत गाठण्याची धमकी देणे, मुलीविषयी घाणेरडे बोलणे, जात काढणे हे मुलाने सोसायचे नाही, ते मोठ्यांनी थांबवायचे. तसे झाले तर सरळ आयोजकांकडे जावे, सामना थांबवायला सांगावे आणि मुलाला तेथून बाहेर घ्यावे. धक्काबुक्कीत स्वतः उतरू नये. गरज पडल्यास ११२ क्रमांकावर पोलिसांना बोलवावे. लोकांदेखत जातीवरून अपमान करणे हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. आपण बौद्ध झालो म्हणून तो कायदा आपल्याला लागू नाही असा समज अजूनही काही जणांत आढळतो. तो चुकीचा आहे. अनुसूचित जातींतून बौद्ध धम्मात आलेल्यांचा समावेश १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींत झालेला आहे. तक्रार करायची की नाही हे त्या कुटुंबाने शांतपणे ठरवावे, पण ऐकणाऱ्या दोघा-तिघांची नावे त्याच दिवशी लिहून ठेवावीत. आठ दिवसांनी कोणाला काही आठवत नाही.

मोठी माणसे वेळेवर आवरली नाहीत तर काय होते याचे एक भयंकर उदाहरण युरोपात घडले. नेदरलँड्समधील आल्मेरे या शहरात २ डिसेंबर २०१२ रोजी मुलांच्या फुटबॉल सामन्यात रिचर्ड न्यूवेनहुइझेन हे ४१ वर्षांचे गृहस्थ रेषापंच म्हणून स्वेच्छेने उभे होते. त्यांचा स्वतःचा मुलगा त्या सामन्यात खेळत होता. सामना संपल्यावर विरुद्ध संघाच्या काही मुलांनी त्यांना लाथाबुक्क्यांनी मारले आणि दुसऱ्या दिवशी ते मरण पावले. पुढच्या वर्षी न्यायालयाने सहा किशोरवयीन मुलांना दोषी ठरवले, आणि त्यांच्याबरोबर त्यांच्यापैकी एकाच्या वडिलांनाही. बाप मुलाला आवरायला गेला नव्हता, मारायला गेला होता. सुधारलेला, सायकलींचा, शिस्तीचा म्हणून आपण ज्या देशाचे नाव घेतो तेथली ही गोष्ट आहे.

इंग्लंडमध्ये फुटबॉलचे पंच होणारी मुले बरीच असतात. तेथील काही जिल्हा संघटनांनी एक साधी युक्ती केली आहे. १८ वर्षांखालील पंचाच्या दंडावर जांभळी पट्टी किंवा पायात जांभळे मोजे असतात. ओरडण्याआधी पालकांना आणि प्रशिक्षकांना दिसावे की समोर लेकरू आहे. आपल्याकडे पट्टीची गरज नाही, आपल्याकडे ध्वनिक्षेपक आहे! देणगीदारांची नावे दहा वेळा वाचली जातात. सामना सुरू होण्यापूर्वी निवेदकाने एकदा सांगावे की आजचे पंच अमुक शाळेचे विद्यार्थी आहेत, त्यांनी नियमांचा अभ्यास केला आहे, त्यांचा निर्णय अंतिम राहील. आयोजकांना हे सुचवण्याचे काम पालक नक्कीच करू शकतात.

होकार देण्यापूर्वी पालकांनी आयोजकांना आणखी काही गोष्टी विचाराव्यात. बरोबर एखादा मोठा, अनुभवी सरपंच असणार का? एकट्या विद्यार्थ्यावर सामना सोपवणार असतील तर नम्रपणे नकार द्यावा. गट कोणता? पहिल्या वर्षी १४ वर्षांखालील मुलांचे सामने पुरेत; बक्षिसाची मोठी रक्कम असलेला खुल्या गटाचा अंतिम सामना हे शिकण्याचे ठिकाण नव्हे. प्रेक्षक आणि मैदान यांच्यामध्ये दोरी बांधणार का? रात्रीचा सामना असेल तर किती वाजता सुटणार आणि घरी कोण आणून सोडणार? रात्री काही प्रेक्षक दारू पिऊन आलेले असतात, हे आपण सारे जाणतो.

मुलींच्या बाबतीत हे प्रश्न अधिक काटेकोरपणे विचारावेत, पण नकारासाठी सबब म्हणून विचारू नयेत. महिलांची कबड्डी २०१० साली ग्वांगचौच्या आशियाई स्पर्धेत आली. शालेय गटात मुलींचे संघ उभे राहतात, आणि त्यांच्या सामन्यांना पंच मात्र बहुधा पुरुषच. मुलगी शिट्टी घेऊन उभी राहिली तर खेळणाऱ्या मुलींनाही बरे वाटते. तिच्याबरोबर आई गेली तर फारच चांगले. मात्र आईने मागेच बसावे, हा नियम आईलाही आहे.

सामना संपवून मूल घरी येते, तेव्हाची वेळ फार नाजूक असते. दारातच "तो तिसरा पॉइंट तू का दिला?" असे विचारू नये. आधी हातपाय धुऊ द्यावे, जेवू द्यावे. त्याला बोलायचे असेल तर तो बोलेल. रडू आले तर रडू द्यावे; मुलगा आहे म्हणून अडवू नये. तो म्हणाला की माझी चूक झाली, तर "नाही रे, लोकच मूर्ख आहेत" असे म्हणून त्याचे सांत्वन करू नये. लोक मूर्ख नसतात आणि मुलालाही ते ठाऊक असते. नियमपुस्तिका घेऊन बसावे आणि म्हणावे, काय लिहिले आहे ते पाहू. आपल्याला कबड्डीतले काही कळत नसले तर अधिकच उत्तम, कारण मग त्याला आपल्याला समजावून सांगावे लागते आणि सांगता सांगता त्याचे त्यालाच उमगते. चुकलेले सापडले तर वहीत एक ओळ लिहून ठेवावी. शेजाऱ्यांपुढे त्या सामन्याची चर्चा मात्र करू नये, त्याचे कौतुक करण्यासाठीही नाही.

काही मुले दोन-तीन सामन्यांनंतर म्हणतात, मला नाही व्हायचे पंच. त्यांना आग्रह करू नये. गुणलेखकाचे काम तितकेच महत्त्वाचे आहे. साहाय्यक गुणलेखक बाद गड्यांचा क्रम ठेवतो, कोण आधी जिवंत होणार ते त्याच्या कागदावरून ठरते, आणि लोण चढला की दोन जादा गुण लिहायचे राहून गेले तर सामना फिरतो. टेबलामागे बसून मूल खेळ वाचायला शिकते. वर्षभराने तेच पुन्हा शिट्टी मागते, असेही होते. ज्यांना पुढे जायचे आहे त्यांच्यासाठी राज्य कबड्डी संघटनेची पंच परीक्षा असते. तिची चौकशी शाळेच्या क्रीडाशिक्षकांकडे किंवा जिल्हा संघटनेकडे करावी. दहावी-बारावीच्या वर्षी फेब्रुवारी-मार्चमधील सामने मात्र सोडावेत. मानधन थोडे का असेना, मिळाले तर ते मुलाच्या हाती राहू द्यावे. त्यातून त्याने आधी स्वतःची शिट्टी, एक घड्याळ आणि नियमांची ताजी पुस्तिका घ्यावी. नियम बदलतात, म्हणून जुनी पुस्तिका कोणाकडून उसनी आणू नये, आणि शिट्टी तर दुसऱ्याच्या तोंडातली कधीच घेऊ नये.